जुन्या घरांतील एक ऊबदार खोली

कोंकणांत थंडी नसते, अशी मुंबईकरांची एक जुनी समजूत आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यास ती खोटीही वाटत नाहीं. कारण जानेवारीच्या रात्रीं तेथील किमान उष्णमान सरासरीनें १९ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतें. परंतु तोच मुंबईकर पौष महिन्यांत एखाद्या दिवशीं पहिल्या गाडीनें निघून आसनगांवच्या स्थानकावर उतरला, किंवा कल्याणहून मोटारीनें मुरबाडास गेला, म्हणजे त्याची समजूत अर्ध्या घटकेंत बदलते. ओटीवर वृद्ध माणसें घोंगडी पांघरून बसलेलीं असतात, अंगणांत शेकोटी पेटलेली असते, आणि गोठ्यांतील गुरांच्या नाकपुड्यांतून वाफ निघतांना दिसते. थंडीची लाट आली, कीं ठाणें जिल्ह्याच्या या दोन्ही तालुक्यांत पहाटेचा पारा १० अंशांच्या जवळपास उतरतो.

याचें कारण दूर शोधावयास नको. समुद्राचें पाणी दिवसा सांठविलेली उष्णता रात्रीं किनाऱ्यास परत देतें. शहापूर आणि मुरबाड हे तालुके त्या देवघेवीच्या बाहेर पडतात. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. माहुलीचा किल्ला, माळशेजचा घाट, नाणेघाट, सिद्धगड, गोरखगड हीं सारीं नांवें याच मुलुखाच्या परिचयाचीं. हिंवाळ्यांत येथें आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते; त्यामुळें सूर्य मावळतांच जमीन आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडूं लागते. डोंगरउतारावर थंड झालेली हवा जड होऊन खालीं घसरते, आणि काळू, भातसा या नद्यांच्या खोऱ्यांत पाण्यासारखी सांचून राहते. परंतु तीच कोरडी हवा आणि तेंच निरभ्र आकाश दुपारीं भरपूर ऊन देतात. दोन प्रहरीं पारा बहुधा ३० अंशांच्या आसपास चढतो. म्हणजे येथील थंडी दिवसाची नव्हे, रात्रीची आहे. काश्मीरांतल्या माणसास दिवसरात्र उष्णता निर्माण करावी लागते. शहापूरच्या माणसास दुपारची उष्णता पहाटेपर्यंत टिकवून धरतां आली, म्हणजे पुरे. जुन्या घरांतील लहानशी खोली ऊबदार करण्याचें सर्व मर्म एवढ्यांतच आहे.

या भागांतलें जुनें घर मात्र थंडीसाठीं बांधलेलेंच नसतें. तें पावसासाठीं बांधलेलें असतें. काळ्या दगडाचें उंच जोतें, सागाचे किंवा ऐनाचे खांब, फूट-दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती, कांहीं घरांत कारवीचे लिंपलेले कूड, आणि वर उतरतें कौलारू छप्पर, अशी त्याची घडण. आषाढ-श्रावणांत चुलीचा धूर बाहेर जावा, ओल्या कपड्यांची व भाताची ओल उडून जावी, म्हणून कौलांमधून, भिंतीच्या माथ्यावरून आणि खिडक्यांच्या गजांमधून हवा खेळती ठेवलेली असते. जें वारें पावसाळ्यांत घर वांचवितें, तेंच पौषांत माणसास छळतें. यांत बांधणाऱ्याचा दोष नाहीं. चार महिन्यांच्या मुसळधार पावसापुढें सहा-सात आठवड्यांच्या थंडीचा विचार त्यानें मागें ठेवला, इतकेंच.

शिवाय पूर्वीं हीं घरें माणसांनीं भरलेलीं असत. आतां अशा अनेक घरांतली तरुण मंडळी कल्याण, डोंबिवली, ठाणें किंवा मुंबई येथें नोकरीनिमित्त राहते, आणि सात खणांच्या घरांत दोन वृद्ध माणसें उरतात. निजणाऱ्या प्रौढ माणसाच्या देहांतून ७०-८० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. ज्या माजघरांत एके काळीं दहा-बारा माणसें निजत, तेथें या हिशेबानें जवळजवळ एक विजेची शेगडीच रात्रभर चालू असे. तेथें आतां दोघेंच निजतात, आणि घर पूर्वींपेक्षां गार झालें आहे, अशी तक्रार करितात. तक्रार खरी असते. गेलेलीं असतात तीं माणसें.

अशाच एका घराची कल्पना करावी. आईवडील दोघेंही सत्तरीच्या पुढचीं. धाकटी मुलगी बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली, आणि तिचे दिवस भरतात ते नेमके पौषांत. प्रसूति दवाखान्यांत होईल. परंतु तीन-चार दिवसांनीं बाळबाळंतीण घरीं येतील, आणि त्यांच्यासाठीं एक खोली तयार ठेवावयास हवी. वृद्धास आणि अर्भकास थंडी सारखीच वैरी असते. वृद्धाचा रक्तदाब गारठ्यानें वाढतो, आणि अंग गार पडत चाललें तरी त्यास तें लवकर कळत नाहीं. अर्भकाच्या देहाचा आकार लहान व त्वचेचें क्षेत्र त्या मानानें मोठें. त्यामुळें तें उष्णता चटकन् गमावतें, आणि रडून सांगण्याचें बळही पुष्कळदां त्यास नसतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं घरांविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत थंड ऋतूंत घरांतील उष्णमान निदान १८ अंश असावें, आणि वृद्ध, मुलें व आजारी यांच्यासाठीं त्याहून अधिक लागूं शकेल, असें म्हटलें आहे. बाहेर १० किंवा १२ अंश असतां आंत १८ किंवा २० ठेवणें, हा मग या घरापुढचा प्रश्न होतो. तो सारें घर तापवून सुटावयाचा नाहीं. एकच खोली निवडून तिचीच काळजी घेतली, तर सुटूं शकतो.

खोली निवडतांना पहिला विचार दिशेचा. शहापूर-मुरबाडच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंशच वर येतो आणि दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून दक्षिणेच्या भिंतीस व खिडकीस हिंवाळ्यांत ऊन लागतें. तेंच ऊन वैशाखांत, सूर्य डोक्यावर आल्यावर, त्या भिंतीस जवळजवळ स्पर्शही करीत नाहीं. पश्चिमेच्या भिंतीचा गुण निराळा आहे. एक फूट जाडीच्या मातीच्या भिंतींतून उष्णतेची लाट आरपार जावयास सुमारें नऊ-दहा तास लागतात. दुपारीं तीनला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेलें ऊन मध्यरात्रीनंतर आंतल्या अंगास पोंचतें. ज्या वेळीं थंडी वाढूं लागते, त्याच वेळीं ही भिंत ऊब देऊं लागते. तेव्हां नैर्ऋत्य कोपऱ्यावरची, आणि जिच्यापुढें पडवी नाहीं अशी खोली मिळाली, तर ती सोडूं नये. पडवीनें झांकलेल्या भिंतीस ऊन दिसतच नाहीं. तशी खोली नसेल, तर जिची एक भिंत स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीच्या चुलीशीं लागून आहे, ती निवडावी. संध्याकाळचा स्वयंपाक आणि पाणी तापविणें यांची वायां जाणारी उष्णता त्या भिंतीच्या द्वारें पलीकडे मिळते, आणि धूर मात्र पलीकडे येत नाहीं.

दुसरा विचार ओलीचा. पावसाळ्यांत भिंती जें पाणी पितात, तें कार्तिकापर्यंत त्यांत असतें. ओली भिंत उष्णता लवकर बाहेर सोडते; शिवाय वाळतांना ती भोंवतालची उष्णता खाते. एक लिटर पाणी हवेंत उडून जावयास सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती उष्णता खोलीच्याच तिजोरींतून जाते. म्हणून दिवाळी झाल्यावर निदान तीन आठवडे त्या खोलीच्या खिडक्या-दारें दिवसा सताड उघडीं ठेवावीं, भिंतीला टेकलेलीं कपाटें व पेट्या हातभर पुढें ओढाव्या, आणि पागोळीचें पाणी जोत्याशीं सांचत असेल तर तेथें चर काढून द्यावा. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा किंवा तेलाचा रंग देऊन ती चकचकीत करण्याचा मोह पुष्कळांस होतो; परंतु त्यायोगें आंतली ओल आंतच कोंडते. चुना, किंवा माती-शेणाचें लिंपण, भिंतीस वाळूं देतें. मातीची जमीन असल्यास ती सकाळींच सारवावी. संध्याकाळीं सारवलेली जमीन रात्रभर वाळत राहते, म्हणजे रात्रभर खोली गार करीत राहते.

तिसरा विचार वाऱ्याचा, आणि सर्वांत अधिक लाभ येथेंच आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी खोली घेतली, तर तींत सुमारें साडेबावीस घनमीटर हवा मावते. कौलांच्या व दारांच्या फटींतून ती हवा तासाला दहा वेळां बदलत असेल, तर दोन निजलेल्या माणसांच्या देहाची सर्व उष्णता खर्चूनही बाहेरच्यापेक्षां आंत दोनच अंशांचा फरक पडतो. तीच हवा तासाला एकदां बदलत असेल, तर तोच हिशेब वीस अंशांपर्यंत जातो. प्रत्यक्षांत भिंती, जमीन व छप्पर आपापला वाटा घेतात, म्हणून वीस अंश कधींच मिळत नाहींत. परंतु पांच-सहा अंश मिळूं शकतात, आणि या घरास हवे असतात ते तेवढेच.

वारा अडविण्याचें काम वरून आरंभावें, कारण ऊन झालेली हवा हलकी होऊन वर जाते आणि कौलांतून निघून जाते. खोलीवर लाकडी तक्तपोशीचा माळा असेल, तर अर्धें काम पूर्वजांनींच करून ठेवलेलें असतें. फळ्यांच्या सांध्यांवर जुनीं सतरंज्या-पोतीं अंथरलीं, म्हणजे झालें. माळा नसेल, तर सात-आठ फुटांवर बांबूची चटई किंवा जुन्या लुगड्यांचें दुहेरी छत ताणून बांधावें. खोली ठेंगणी होते आणि छत व कौलें यांमध्यें अडकलेली हवा पांघरुणाचें काम करिते. विजेचा दिवा या छतापासून दूर ठेवण्याचें विसरूं नये. भिंतीचा माथा व कौलें यांमधील मोठ्या फटी भाताचें तूस, माती व शेण कालवून बुजवाव्या. खिडकीच्या झडपा नीट मिटत नसतील, तर आंतून गोणपाटाचा जाड पडदा लावावा, आणि तो खिडकीहून चारी बाजूंस वीतभर मोठा असावा. दाराच्या उंबऱ्यापाशीं जो वारा पायांस झोंबतो, त्यासाठीं कापडाची लांब पिशवी शिवून तींत तूस किंवा वाळू भरावी व रात्रीं ती दारास लावून ठेवावी. या सर्वांस फार तर दोन दिवसांची मेहनत लागते, आणि सामान बहुतेक घरांतलेंच असतें.

एक फट मात्र जाणून ठेवावी. उंबऱ्यापासून दूर, भिंतीच्या वरच्या भागीं, तळहाताएवढी एक वाट बाहेरच्या हवेस मोकळी असावी. माणसाचा श्वास, ओलसर कपडे आणि बाळाचे दुपटे यांची वाफ खोलींत कोंडली, तर ती पहाटे गार भिंतीवर थेंब होऊन बसते, बुरशी धरते आणि खोकला वाढविते. घरांत कोणास क्षयाची बाधा असेल, तर कोंदट खोली ती बाधा दुसऱ्यास देते. खोलीची हवा तासाला एक-दोन वेळां बदलावी. त्याहून कमी बदलली, तर थंडीऐवजीं आजार पदरीं येतो.

आतां बिछान्याकडे वळावें. शहरांतून आलेलें माणूस अंगावर पांघरुणांचा ढीग घेतें, आणि अंगाखालीं एकच पातळ सतरंजी ठेवतें. जमिनीकडून येणारी थंडी त्यास अर्ध्या रात्रीं जागी करिते. पांघरूण हें स्वतः उष्ण नसतें. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा उष्णता जाऊं देत नाहीं. अंगाखालचें वस्त्र वजनानें चेपतें, त्यांतली हवा निघून जाते, आणि म्हणून तेथें दुप्पट जाडी लागते. या तालुक्यांत यासाठीं उत्तम साधन ऐन वेळीं आपण होऊन हातीं येतें. मार्गशीर्षापर्यंत भाताची झोडणी उरकून अंगणांत पेंढ्याची गंजी उभी राहिलेली असते. भाताच्या काडीच्या पोटांत हवा असते. कोरडा, उन्हांत खडखडीत वाळविलेला पेंढा ताडपत्रीवर झटकून, मोठ्या गोणींत वीतभर जाड भरला आणि त्यावर गोधडी घातली, तर जमिनीचा गारवा वर येत नाहीं. दरवर्षीं तो बदलावा, म्हणजे उंदीर व विंचू यांस त्यांत घर करितां येत नाहीं; आणि ज्या खोलींत दिवा, विडी किंवा विस्तव येण्याचा संभव आहे, तेथें पेंढा मुळींच नेऊं नये. बाळबाळंतिणीसाठीं लाकडी खाट बरी, कारण थंड हवा जमिनीलगत सांचते. परंतु खाटेच्या खालूनही हवा वाहते, म्हणून तेथेंही खालची जाडी कमी करतां कामा नये.

वरच्या पांघरुणासाठीं जुन्या लुगड्यांची गोधडी आणि त्यावर एक घोंगडी ही जोडी अजून मागें पडलेली नाहीं. मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौषी पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. ती गुरांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. तथापि थंडीच्या ऐन भरांत भरणाऱ्या या यात्रेंत घोंगड्याही विकावयास येतात, आणि अनेक कुटुंबें वर्षाची घोंगडी तेथूनच घेतात. लोंकर ओल शोषूनही ऊब सोडीत नाहीं, हा तिचा मोठा गुण. मात्र घोंगडीचा खरखरीतपणा बाळाच्या अंगास लागूं नये. बाळास मऊ धुतलेलें सुती वस्त्र, डोक्यास टोपरें आणि पायांत मोजे हवेत.

अंथरूण-पांघरूण रोज दुपारीं अकरा ते तीन उन्हांत टाकावें. रात्रीच्या घामाची ओल तेवढ्यांत उडते, आणि चेपलेला कापूस पुन्हां फुलतो. चारच्या आंत तें घरांत घेऊन गुंडाळून ठेवावें. साडेचार-पांचपर्यंत तें बाहेर राहिलें, तर मिळविलेली ऊब तेथेंच गमावते. खोलीचेंही वेळापत्रक हेंच: सकाळीं नऊला दक्षिणेची खिडकी उघडावी, दुपारचें ऊन जमिनीवर व भिंतीवर पडूं द्यावें, आणि सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वीं, म्हणजे पांचच्या सुमारास, झडपा व पडदे बंद करावे. डिसेंबरांत सूर्यास्त सहाच्या पुढें थोडक्याच मिनिटांनीं होतो. दिवेलागणीची वाट पाहणारी गृहिणी एक तासाची उष्णता आकाशास दान करिते.

इतकें झाल्यावर जो प्रश्न उरतो, तो विस्तवाचा. आणि येथें चूक झाली, तर ती दुरुस्त करण्यास संधि मिळत नाहीं. बाळंतिणीच्या खाटेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवणें, बाळास ओवा-शेपा-वेखंडाची धुरी देणें, हे जुने रिवाज आहेत. वर कल्पिलेल्या घरांत आई आणि मुलगी यांच्यांत या विषयावरून असें बोलणें सहज व्हावें:

“आई, खाटेखालीं शेगडी नको ग ठेवूंस.”

“अग, तुझ्या वेळीं रात्रभर शेगडी होती. तुझ्या भावाच्या वेळींही होती. कोणाला काय झालें?”

“तेव्हां कौलांना फटी होत्या, आई. त्या बाबांनीं परवांच बुजविल्या ना?”

मुलीचें उत्तर अगदीं अचूक आहे. निखारे अपुऱ्या हवेंत जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण करितात. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतलें जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्याच्याशीं हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट जडतो. त्यामुळें श्वास चालू असतांही देहास प्राणवायु मिळेनासा होतो. प्रथम डोकें जड होतें, मळमळतें, मग झोंप येते. निजलेल्या माणसास हीं लक्षणें कळतच नाहींत. पूर्वीं जुनें घर गळकें होतें, म्हणून शेगडी सोसली जात असे. त्याच घराच्या फटी बुजवून तींच शेगडी आंत ठेवणें, म्हणजे दोन चांगल्या हेतूंचा मिळून एक घात करणें होय. आदिवासी पाड्यांवरील कुडाच्या घरांत मधोमध चूल असते आणि धूर गवताच्या किंवा कौलांच्या छपरांतून निघून जातो. अशा छपराखालीं अलीकडे प्लास्टिकचा कागद ताणण्याची चाल पडली आहे. गळतीस तो चांगला. परंतु चुलीच्या वर तो धुराची व वायूची वाट बंद करितो, आणि आगीचें भय वाढवितो, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

म्हणून नियम एकच, आणि तो घरांतल्या सर्वांस तोंडपाठ असावा: ज्या खोलींत विस्तव, ती खोली बंद नाहीं, जी खोली बंद, तींत विस्तव नाहीं. शेगडी ओटीवर पेटवावी, तीभोंवतीं बसून हातपाय शेकावे, गोष्टी सांगाव्या; निजतांना ती बाहेरच राहूं द्यावी. धुरीचा धूर अर्भकाच्या कोंवळ्या फुफ्फुसांस अपायकारकच असतो, तो टाळावा. चुकून कोणास बंद खोलींत निखाऱ्याच्या सान्निध्यांत गुंगी आल्याचें दिसलें, तर आधीं दारें-खिडक्या उघडून त्यास मोकळ्या हवेंत न्यावें आणि विलंब न करितां रुग्णालयांत पोंचवावें.

विजेच्या शेगडीनें वायूचें भय जातें, परंतु दुसरें येतें. जुन्या घरांतील तारा बहुधा दिव्यांपुरत्या घातलेल्या असतात. दीड हजार वॅटची शेगडी त्यांवर रात्रभर चालविली, तर तारा तापतात, आणि लाकडी घरांत तापलेली तार म्हणजे आग. ती वापरावयाचीच असेल, तर तिच्यासाठीं जाड तारेची स्वतंत्र जोडणी जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी, कपड्यांपासून हातभर दूर ठेवावी, आणि निजण्यापूर्वीं तासभर खोली तापवून बंद करावी. त्याहून सोपें साधन गरम पाण्याचें आहे. पूर्वीं वीट तापवून फडक्यांत गुंडाळून बिछान्यांत ठेवीत. वजनास वजन घेतलें, तर पाण्यांत विटेच्या सुमारें पांचपट उष्णता मावते. दोन लिटर गरम पाणी रबराच्या पिशवींत घट्ट बंद करून, जाड कापडांत गुंडाळून निजण्यापूर्वीं अर्धा तास अंथरुणांत ठेवलें, तर वृद्धाचे पाय रात्रभर गार पडत नाहींत. बाळाच्या अंगाशीं मात्र ही पिशवी कधींही ठेवूं नये. अर्भकाची त्वचा भाजते आणि त्यास दूर सरकतां येत नाहीं. बाळ येण्यापूर्वीं बिछाना तापवून, पिशवी काढून घेऊन मग त्यास निजवावें.

अर्भकास तापविण्याचें सर्वांत निर्धोक साधन कोणत्याही बाजारांत मिळत नाहीं. तें त्याच्या आईचा देह होय. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत, बोगोटा येथें, १९७८-७९ च्या सुमारास काचपेट्यांची टंचाई पडली असतां डॉक्टरांनीं अपुऱ्या दिवसांचीं बालकें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्यास आरंभ केला, आणि ती पद्धति पुढें जगभर मान्य झाली. महाराष्ट्रांत गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेनें गांवांतल्याच स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची घरीं जाऊन काळजी घेण्याची व्यवस्था केली. बाळ कोरडें करून गुंडाळणें, त्यास ऊबदार पिशवींत ठेवणें, लवकर अंगावर पाजणें, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणें, अशा अनेक गोष्टी तींत होत्या. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले. हें सारें श्रेय एकट्या ऊबेचें नव्हे. परंतु ऊब हा त्या काळजीचा पाया होता, आणि तिच्यासाठीं कोठेंही निखारे पेटवावे लागले नाहींत. शहापूर-मुरबाडच्या घरांतही बाळाचें अंग गार लागलें, तें पीत नाहींसें झालें किंवा मलूल दिसलें, तर त्यास आईच्या छातीशीं धरून, वरून पांघरूण घेऊन, तसेंच रुग्णालयांत न्यावें. खोली आणखी तापविण्यांत वेळ दवडूं नये.

अशा रीतीनें सजविलेल्या खोलींत संध्याकाळीं घरांतलीं सर्व माणसें आपण होऊन गोळा होतात. आजोबा आपली खुर्ची पश्चिमेच्या भिंतीशीं ओढून घेतात, आजी वाल सोलीत बसतात, आणि मुंबईहून शनिवारीं आलेला जांवई बाळाजवळच बिछाना घालतो. तीन माणसें आंत अधिक आलीं, कीं हिशेबाप्रमाणें सव्वादोनशें वॅट उष्णता वाढते. मोठें घर रिकामें झालें, हें दुःख एका खोलीनें भरून निघत नाहीं. परंतु उरलेल्यांनीं सात खणांत विखरून कुडकुडण्यापेक्षां एका खणांत जवळ निजावें, एवढी सोय ती करून देते.

महाशिवरात्र उलटली, कीं थंडी ओसरते. त्या सुमारास हें सारें पुन्हां उकलावें. छताचीं लुगडीं धुऊन पेटींत ठेवावीं, पेंढा गुरांच्या गोठ्यांत पसरावा, गोणपाटाचे पडदे उतरवावे, आणि कौलांखालच्या बुजविलेल्या फटी मोकळ्या कराव्या. कारण वैशाखांत त्याच वाटांनीं गरम हवा बाहेर जावयाची असते आणि आषाढांत ओल. तुसाची ती लांब पिशवी मात्र दारामागच्या खुंटीस टांगून ठेवावी, म्हणजे पुढच्या पौषांत ती शोधावी लागत नाहीं.